कोणी कोणाकडून शिकावे : टॉलस्टॉयची यास्नाया पोल्याना येथील शाळा आणि मुलांचे लेखन

१

लिओ टॉलस्टॉयच्या वाङ्मयीन चरित्राची मांडणी सामान्यतः दोन टप्प्यांत केली जाते. पहिल्या टप्प्यात ‘युद्ध आणि शांती’ व ‘ॲना कॅरेनिना’ या महाकादंबऱ्यांचा कर्ता उभा असतो, तर दुसऱ्यात १८८० नंतरचा धर्मचिंतक, संपत्तीचा आणि हिंसेचा निषेध करणारा प्रेषितसदृश पुरुष. या दोन्हींच्या आधी येणारा १८५९ ते १८६२ हा काळ मात्र एका तरुण जमीनदाराचा शिक्षणविषयक छंद म्हणून बहुधा दोन-चार परिच्छेदांत आटोपला जातो. वस्तुतः याच काळात टॉलस्टॉयने स्वतःच्या लेखकपणाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली, आणि ती कोणा समीक्षकापुढे नव्हे, तर नुकतीच अक्षरओळख झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांपुढे. मान्यता पावलेला लेखक प्राथमिक शाळेत जातो, मुलांना लिहिते करतो आणि परतताना स्वतःच्याच लेखनाविषयी साशंक होऊन परततो, अशी ही घटना आहे. बालसाहित्याचा, लेखनाच्या अध्यापनाचा आणि साहित्यनिर्मितीच्या स्वरूपाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

२

टॉलस्टॉयचा जन्म २८ ऑगस्ट १८२८ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार, या लेखातील तारखा त्याच पंचांगाच्या आहेत) तुला प्रांतातील यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीत झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई वारली आणि १८३७ मध्ये वडीलही गेले. आत्यांच्या व नातेवाईक स्त्रियांच्या छायेत ही भावंडे वाढली. या पोरक्या बालपणातील एक आठवण त्याने आयुष्यभर जपली. थोरला भाऊ निकोलाय याने धाकट्या भावंडांना एक गोष्ट रचून सांगितली होती : सर्व माणसे सुखी कशी होतील याचे रहस्य एका हिरव्या काठीवर कोरलेले असून ती काठी जवळच्या वनराईत एका ओघळीच्या काठी पुरलेली आहे. गोष्ट सांगणारा तेव्हा अवघा दहा-अकरा वर्षांचा होता. मुलाने रचलेली गोष्ट किती दूरवर पोहोचू शकते याचा प्रत्यय टॉलस्टॉयला असा बालपणीच आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

कझान विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून तो १८४७ मध्ये जहागिरीवर परतला. १८४९ मध्ये तेथे त्याने कुळांच्या मुलांसाठी एक लहानशी शाळा काढली. परंतु ती फार काळ टिकली नाही. १८५१ मध्ये तो कॉकेशसला गेला, सैन्यात दाखल झाला आणि १८५२ मध्ये ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘बालपण’ या पहिल्याच कृतीने त्याला नाव मिळवून दिले. क्रिमियाच्या युद्धातील सेवास्तोपोलच्या कथांनी ते नाव दृढ केले. १८५६ मध्ये त्याने सैन्य सोडले तेव्हा रशियन साहित्यातील पहिल्या पंक्तीचा तरुण लेखक म्हणून त्याचे स्वागत होत होते.

तथापि पुढील दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. पीटर्सबर्गच्या साहित्यिक वर्तुळाशी त्याचे पटेना. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कौटुंबिक सुख’ ही लघुकादंबरी त्याची त्यालाच लज्जास्पद वाटू लागली. सुशिक्षितांच्या मनोरंजनासाठी सुशिक्षितांनी लिहीत राहण्यात अर्थ काय, हा प्रश्न त्याला छळू लागला. रशियातील बहुसंख्य शेतकरी त्या वेळी भूदास होते आणि निरक्षर होते. ज्या भाषेत साहित्य लिहिले जात होते, ती भाषा बोलणाऱ्यांनाच ते साहित्य वाचता येत नव्हते. या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून त्याने १८५९ च्या शरद ऋतूत यास्नाया पोल्याना येथे पुन्हा शाळा सुरू केली. तिचा उगम परोपकारबुद्धीत जितका आहे, तितकाच एका लेखकाच्या आत्मविश्वासाला गेलेल्या तड्यात आहे, हे विसरून चालणार नाही.

३

जुलै १८६० मध्ये टॉलस्टॉय दुसऱ्यांदा युरोपच्या प्रवासास निघाला. क्षयाने आजारी असलेल्या निकोलायची भेट हा एक हेतू होता आणि तेथील शाळा पाहणे हा दुसरा. सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील येअर येथे निकोलायचे निधन झाले. हिरव्या काठीची गोष्ट सांगणारा गेला. या आघातानंतरही टॉलस्टॉयने शाळांची पाहणी सोडली नाही. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, बेल्जियम अशी त्याची भ्रमंती झाली. लंडनमध्ये शाळा पाहण्यासाठी त्याला परिचयपत्र दिले ते कवी, समीक्षक आणि त्या काळी शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्डने. साहित्य आणि प्राथमिक शिक्षण ही क्षेत्रे परस्परांपासून दूर गेलेली नव्हती, याची ही एक लक्षणीय खूण आहे.

या प्रवासातून टॉलस्टॉयने काढलेला निष्कर्ष बहुतांशी प्रतिकूल होता. जर्मन शाळांतील घोकंपट्टी, एकसुरी उत्तरे आणि शिक्षेचे भय पाहून तो अस्वस्थ झाला. मार्सेय शहरात त्याला आढळले की, शाळेत मुले जे शिकतात ते निरुपयोगी असते आणि जे उपयोगाचे असते ते ती रस्त्यावर, उपाहारगृहात, संग्रहालयात, स्वस्त कादंबऱ्यांतून शिकतात. शाळा मुलाला शिकवण्यापूर्वी त्याची स्वाभाविक चलाखी काढून घेते, ही त्याची खात्री झाली.

एप्रिल १८६१ मध्ये तो परतला तेव्हा रशियाही बदललेला होता. १९ फेब्रुवारी १८६१ च्या फर्मानाने भूदासपद्धती रद्द झाली होती. जमीनदार आणि शेतकरी यांच्यातील तंटे मिटवणाऱ्या मध्यस्थाचे काम टॉलस्टॉयने स्वीकारले, शेतकऱ्यांची बाजू घेतल्यामुळे शेजारच्या जमीनदारांचा रोष ओढवून घेतला आणि वर्षभरातच ते पद सोडले. याच काळात शाळेचे काम ऐन भरात आले. आसपासच्या खेड्यांतही दहाहून अधिक शाळा सुरू झाल्या. विद्यापीठातून बाहेर पडलेले वा काढले गेलेले तरुण विद्यार्थी त्यांत शिक्षक म्हणून आले आणि १८६२ मध्ये ‘यास्नाया पोल्याना’ याच नावाचे शैक्षणिक मासिक निघू लागले. त्याचे बारा अंक निघाले. मुलांच्या वाचनासाठी सोबत छोट्या पुरवण्याही असत.

शाळेचे स्वरूप टॉलस्टॉयने आपल्या मासिकात तपशिलाने नोंदवले आहे. वाड्यालगतच्या दुमजली दगडी इमारतीत ती भरे. पटावर सुमारे ४० मुले होती, पण एका वेळी ३० पेक्षा अधिक क्वचितच येत. मुली तीन ते पाच. वय साधारणतः ७ ते १३. सकाळी पडवीतील घंटा वाजे आणि मुले हात हलवीत येत. पाटी-पुस्तक घरून आणावयाचे नाही, गृहपाठ नाही, काल काय शिकलो हे आठवण्याचे ओझेही नाही. कोठे बसावे हे ज्याने त्याने ठरवावे. कंटाळा आल्यास उठून जाण्याचीही मुभा होती. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटे. टॉलस्टॉयच्या मते मात्र ती बाहेरून लादलेल्या शिस्तीपेक्षा वरच्या प्रतीची, मुलांच्या स्वतःच्या गरजेतून हळूहळू आकाराला येणारी व्यवस्था होती.

४

या शाळेत लेखनाचा तास मात्र प्रारंभी पूर्णतः फसला. प्रचलित शिक्षणशास्त्राला धरून मुलांना सोपे म्हणून जे विषय दिले जात ते पाव, झोपडी, झाड अशा वस्तूंच्या वर्णनाचे असत. या विषयांवर लिहिताना मुले अक्षरशः रडकुंडीस येत. काय लिहावयाचे आणि का लिहावयाचे हेच त्यांना उमगत नसे. मोठ्यांना जे सोपे वाटते ते मुलांना सोपे असतेच असे नाही. मुलाला सुटी, निर्जीव वस्तू अवघड जाते आणि माणसांचा गुंतागुंतीचा व्यवहार सोपा जातो, हे टॉलस्टॉयच्या ध्यानी येण्यास काही काळ जावा लागला.

उपाय सापडला तो अकस्मात. टॉलस्टॉयला म्हणींचे वेड होते आणि त्या दिवसांत तो स्नेगिर्योव्हने संकलित केलेला रशियन म्हणींचा संग्रह वाचत होता. चमच्याने घास भरवणारा त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा टोचतो, अशा आशयाची एक म्हण त्याच्या डोळ्यांपुढे होती. एखाद्या शेतकऱ्याने भिकाऱ्याला घरात आसरा द्यावा आणि मग त्या उपकाराची बोच त्याला येता-जाता द्यावी, असे काहीसे कथानक त्याच्या मनात घोळत होते. वर्गात येऊन त्याने मुलांना या म्हणीवर गोष्ट लिहिण्यास सुचवले. मुलांना ते अशक्य वाटले. त्यांनी उलट त्यालाच लिहावयास सांगितले. कोण चांगले लिहितो ते पाहू, अशा ईर्षेने तो टेबलाशी बसला आणि त्याने पहिले पान लिहून काढले.

त्यानंतर जे घडले ते या चरित्रातील एक निर्णायक वळण आहे. मुले त्याच्या खुर्चीमागे गोळा झाली आणि त्याने लिहिलेले वाचून घेऊ लागली. ते त्यांना पसंत पडले नाही. त्याने आपला पुढचा बेत सांगितला, तेव्हा मुलांनी तो मोडीत काढला आणि म्हातारा भिकारी असा वागणार नाही, शेतकऱ्याची बायको असे बोलणार नाही, हे त्याला बजावले. प्रारंभी त्याच्यातील लेखक दुखावला. मग चकित झाला. आणि अखेरीस त्याने आपली लेखणी मुलांच्या स्वाधीन केली. ती सांगत होती आणि तो लिहून घेत होता. संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू झालेले हे काम रात्री अकरापर्यंत चालले. इतर मुले थकून पांगली, पण दोघे शेवटपर्यंत राहिले. टॉलस्टॉयच्या लेखात ते फेद्का आणि स्योम्का या नावांनी येतात. फेद्का म्हणजे वासिली मोरोझोव्ह आणि स्योम्का म्हणजे इग्नात माकारोव्ह.

या दोन मुलांच्या प्रतिभेतील भेद टॉलस्टॉयने ज्या सूक्ष्मतेने टिपला आहे, ती एखाद्या कसलेल्या समीक्षकाची सूक्ष्मता आहे. स्योम्काची दृष्टी वस्तुनिष्ठ होती. म्हातारा बाहेरच्या थंडीतून आत येतो तेव्हा त्याची गोठलेली पादत्राणे, बर्फ वितळल्यावर त्यांतून ओघळणारा चिखल, चुलीत वाळवल्यावर त्यांना आलेला कडकपणा हे सर्व त्याला डोळ्यांपुढे दिसे आणि ते तो क्रमाने सांगे. फेद्काला मात्र तेवढेच तपशील दिसत, ज्यांतून त्या माणसाविषयीची भावना जागी होई. कोणता तपशील ठेवावा आणि कोणता गाळावा याचे उपजत भान त्याच्यापाशी होते. कथेतील एका शेजाऱ्याच्या अंगावर त्याने बायकी कोट चढवला. कारण विचारता त्याला ते नीट सांगता आले नाही. पण त्या एका तपशिलाने त्या किरकोळ माणसाची सगळी परिस्थिती आणि त्याचा स्वभाव उभा राहिला. प्रमाणबुद्धी हा कलेचा प्राण आहे असे टॉलस्टॉय मानत असे, आणि मोठ्या लेखकांना दीर्घ साधनेनंतर क्वचित लाभणारी ही प्रमाणबुद्धी एका अर्धशिक्षित पोराजवळ आपसूक असल्याचे पाहून तो हादरला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आपण काहीतरी चोरून पाहिले, जे पाहण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, अशा प्रकारची एक अपराधमिश्रित भीती त्याला वाटली, हे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे.

पुढील दिवशी काम चालू राहिले. नंतर टॉलस्टॉयला काही दिवस बाहेरगावी जावे लागले. त्याच्या अनुपस्थितीत मुलांमध्ये कागदाची खेळणी करण्याची लाट आली. हाताला लागेल तो कागद घडीत गेला, आणि खेळून झाल्यावर तो सर्व चोळामोळा चुलीत गेला. त्यात गोष्टीचे हस्तलिखितही जळाले. परतल्यावर टॉलस्टॉयला झालेले दुःख त्याच्या स्वतःच्या हस्तलिखिताच्या नाशाने झाले असते त्याहून अधिक होते. फेद्का आणि स्योम्का यांनी त्याची अवस्था पाहिली आणि गोष्ट पुन्हा लिहून देण्याचे आपणहून कबूल केले. एका संध्याकाळी दोघे आले आणि त्याच्या अभ्यासिकेत दार लावून बसले. आधी हसण्याचा आवाज आला, मग सर्व शांत झाले. मध्यरात्रीच्या सुमारास त्याने आत पाहिले, तेव्हा एकजण लिहीत होता आणि दुसरा सांगत होता. काम संपल्यावर त्यांना भूक लागल्याचे आठवले. खाऊन ती तेथेच झोपली. पुनर्लेखनात पहिल्या खर्ड्यातील काही सौंदर्यस्थळे निसटली, तरी गाभा टिकला. ही गोष्ट आणि त्यानंतर फेद्काने रचलेली सैनिकाच्या बायकोच्या जीवनावरील दुसरी गोष्ट टॉलस्टॉयने १८६२ मध्ये आपल्या मासिकाद्वारे प्रसिद्ध केल्या.

५

या अनुभवावर आधारलेला लेख मासिकाच्या १८६२ च्या सप्टेंबर अंकात आला. शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून लिहावयास शिकावे की आम्ही त्यांच्याकडून, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता. या लेखाचा सैद्धान्तिक पाया रूसोचा आहे. मूल जन्मतः सत्य, सौंदर्य आणि शिव यांच्या सुसंवादाच्या निकट असते. वाढीबरोबर तो सुसंवाद बिघडत जातो. शिक्षक मात्र पुढे असलेल्या आदर्शाकडे मुलाला ढकलतो, जेव्हा तो आदर्श मागे राहिलेला असतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. मुलांच्या या कथेशी तुलना होईल असे काही रशियन साहित्यात आपल्याला आढळले नाही, इतक्या टोकाला तो गेला.

या टोकाच्या विधानाने लेखाचे व्यावहारिक मूल्य झाकोळले गेले आहे. लेखाच्या शेवटी टॉलस्टॉयने लेखन शिकवण्याविषयी चार सूत्रे दिली आहेत. मुलांपुढे अधिकाधिक आणि विविध विषय ठेवावेत; ते मुद्दाम बालिश केलेले नसावेत, तर शिक्षकाला स्वतःला गंभीर व रोचक वाटणारे असावेत. मुलांना मुलांचेच लेखन वाचावयास द्यावे. ते तपासताना वहीचा नीटनेटकेपणा, हस्ताक्षर, शुद्धलेखन आणि विशेषतः वाक्यरचना व तर्कसंगती यांवर टीका करू नये. चौथे सूत्र सर्वांत मौलिक आहे. लेखनातील अडचण विषयाच्या आवाक्यात नसून प्रक्रियेत असते. मनात गर्दी करणाऱ्या अनेक कल्पनांतून एक निवडणे, तिच्यासाठी शब्द शोधणे, तिला योग्य स्थान देणे, आधी लिहिलेले लक्षात ठेवणे, पुनरुक्ती टाळणे आणि हे सर्व चालू असताना हाताने अक्षरे काढणे, इतकी कामे एकाच वेळी करावी लागतात. म्हणून शिक्षकाने प्रारंभी यांतील बरीच कामे स्वतःकडे घ्यावीत आणि एकेक करून मुलाकडे सोपवत जावे.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुमारे चाळीस मुलांच्या शाळेत दोनच मुलांच्या बाबतीत हा चमत्कार घडला. त्यावरून सर्व मुलांविषयी सिद्धान्त मांडता येईल काय? दुसरा आक्षेप कर्तृत्वाचा आहे. कथेचा आरंभ टॉलस्टॉयचा, लेखणी टॉलस्टॉयची, निवडीतील मदतही त्याचीच. मग ही कथा मुलांची म्हणावी की त्याची? या आक्षेपाची त्याला स्वतःला जाणीव होती, आणि आपण लिहिलेले प्रारंभीचे पान उर्वरित कथेत विजोड दिसते, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. तिसरा आक्षेप तार्किक आहे. मूल जर परिपूर्णच असेल, तर शिक्षकाची गरज काय? ‘सोव्रेमेन्निक’ मधून चेर्निशेव्हस्कीने १८६२ मध्येच या मासिकाची झाडाझडती घेऊन त्यातील सैद्धान्तिक कच्चेपणावर बोट ठेवले होते.

या आक्षेपांचे उत्तर टॉलस्टॉयच्या सिद्धान्तात नाही. ते त्याच्या कृतीत आहे. चौथे सूत्र मुलाला परिपूर्ण मानत नाही. ते त्याच्यावरील भार ओळखते. फेद्कापाशी दृष्टी होती, परंतु ती कागदावर उतरण्यासाठी लागणारा हात नव्हता. टॉलस्टॉयने तो हात त्याला उसना दिला आणि पुनर्लेखनाच्या रात्री तो परत घेतला. त्या रात्री शिक्षक दाराबाहेर होता. मुलांच्या कर्तृत्वाचा खरा पुरावा पहिल्या खर्ड्यात नाही, तो या दुसऱ्या खर्ड्यात आहे. हस्तलिखित जळाले नसते, तर हा पुरावा कधीच उपलब्ध झाला नसता.

शाळेने टॉलस्टॉयला दिलेला दुसरा ठेवा एका हिवाळी रात्रीचा आहे. गोगोलची भुताची गोष्ट वाचून झाल्यावर तो काही मुलांना घेऊन बर्फाच्छादित वनराईकडे फिरावयास गेला. कॉकेशसमधील दरोडेखोर, कझाक आणि हाजी मुराद यांच्या गोष्टी त्याने चालता चालता सांगितल्या. फेद्काने हळूच त्याची दोन बोटे धरून ठेवली होती. त्याच वाटेवर गाणे कशासाठी शिकावयाचे, चित्र कशासाठी काढावयाचे, हा प्रश्न मुलांच्या बाजूने आला आणि झाड कशासाठी असते येथपर्यंत पोहोचला. उपयोग आणि सौंदर्य यांच्या संबंधावर त्या रात्री झालेली चर्चा टॉलस्टॉय विसरला नाही. ‘कला म्हणजे काय?’ हा त्याचा ग्रंथ १८९८ मध्ये पूर्णत्वास आला. सामान्य शेतकऱ्याला जी कळत नाही ती कला कसली, हा त्या ग्रंथातील कठोर निकष यास्नाया पोल्यानाच्या त्या वाटेवरच उगवला होता. हाजी मुरादवरील लघुकादंबरीही त्याच्या वृद्धापकाळात लिहून झाली. साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ मराठीत आणला, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवणाऱ्या शिक्षक-लेखकाला या ग्रंथातील तळमळ आपली वाटली असल्यास नवल नाही.

६

शाळेचा शेवट दोन कारणांनी जवळ आला. मे १८६२ मध्ये टॉलस्टॉय प्रकृतीसाठी समारा प्रांतातील गवताळ प्रदेशात गेला. सोबत नेलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक वासिली मोरोझोव्ह होता. त्याच्या गैरहजेरीत, जुलै महिन्यात, पोलिसांच्या तुकडीने यास्नाया पोल्यानावर छापा घातला. शाळेतील तरुण शिक्षकांवर सरकारचा संशय होता आणि गुप्त छापखाना दडवल्याचा त्यांचा कयास होता. दोन दिवस वाडा, शाळा आणि खाजगी पत्रव्यवहार यांची झडती झाली; आक्षेपार्ह काही सापडले नाही. परंतु शेतकऱ्यांच्या नजरेत शाळेची प्रतिष्ठा डागाळली आणि टॉलस्टॉय संतप्त झाला. त्याने झार दुसरा अलेक्झांडर याच्याकडे लेखी दाद मागितली.

दुसरे कारण आनंदाचे होते. २३ सप्टेंबर १८६२ रोजी सोफिया बेर्स हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसार आणि लवकरच हाती घेतलेली ‘युद्ध आणि शांती’ यांनी त्याचे सारे लक्ष वेधून घेतले. मासिक बंद पडले, शिक्षक पांगले, शाळा थांबली. ज्या लेखकाने मुलांकडून लिहावयास शिकावे असे जाहीरपणे म्हटले, तो लिहिण्यासाठी मुलांना सोडून गेला, हा या चरित्रातील अस्वस्थ करणारा विरोध आहे. त्या महाकादंबरीतील साधेपणाच्या ओढीमागे शाळेचा अनुभव आहे, हे मान्य केले, तरी फेद्काच्या पदरात काय पडले हा प्रश्न उरतोच.

टॉलस्टॉय मुलांकडे पुन्हा परतला तो १८७२ मध्ये. त्याने घरातच शाळा भरवली. पत्नी आणि मोठी मुलेही शिकवू लागली. त्याच वर्षी त्याचे ‘आज्बुका’ हे अंकलिपी व वाचनपाठांचे पुस्तक आले. ‘कॉकेशसमधील कैदी’ ही त्याची प्रसिद्ध कथा याच पुस्तकासाठी लिहिली गेली. अलंकरणाला फाटा देणारी, लहान वाक्यांची ही शैली मुलांच्या शाळेतच घडली होती. आरंभी पुस्तकाचे स्वागत थंड झाले. वाचन शिकवण्याच्या पद्धतीवरून १८७४ मध्ये मॉस्कोत वाद झडला आणि दोन पद्धतींची तुलनात्मक चाचणीही घेण्यात आली. निर्णय लागला नाही. १८७५ मध्ये सुधारून काढलेल्या ‘नव्या आज्बुका’च्या मात्र त्याच्या हयातीतच वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. ज्या मुलांनी त्याला कधी पाहिले नाही, त्यांच्यापर्यंत तो या पुस्तकाद्वारे पोहोचला.

वासिली मोरोझोव्ह मोठेपणी तुला शहरात घोडागाडी हाकून पोट भरत असे. त्याने लिहिणे अगदीच सोडले नव्हते. १९०८ मध्ये ‘वेस्तनिक येव्रोपी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात त्याची ‘एका शब्दासाठी’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिला ऐंशी वर्षांच्या टॉलस्टॉयची प्रस्तावना होती. शाळेतील दिवसांच्या आठवणीही मोरोझोव्हने लिहून ठेवल्या आणि त्या त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाल्या. लेखक म्हणून त्याला कारकीर्द लाभली नाही. एका मोठ्या लेखकाच्या सहवासाने प्रतिभा जागी होऊ शकते. परंतु तिला वाढण्यासाठी लागणारा अवकाश, फुरसत आणि भाकरी त्या सहवासातून मिळत नाही. शाळेत येऊन मुलांना लिहिते करणाऱ्या प्रत्येक लेखकाच्या कार्याची मर्यादा येथे स्पष्ट होते, आणि त्यामागील जबाबदारीही. असे असले तरी, जवळजवळ अर्धशतकानंतर एक गाडीवान कागद-लेखणी घेऊन बसतो आणि जुन्या गुरूकडे हस्तलिखित पाठवतो, ही घटना लहान नव्हे.

१९०७ च्या सुमारास वृद्ध टॉलस्टॉय पुन्हा एकदा गावातील मुलांना संध्याकाळी जवळ बोलावून शिकवू लागला होता. १९१० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ गांधीजींनी आणि कॅलनबाख यांनी ‘टॉलस्टॉय फार्म’ची स्थापना केली, तेथेही मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग झाला. २८ ऑक्टोबर १९१० रोजी टॉलस्टॉयने गृहत्याग केला आणि ७ नोव्हेंबरला आस्तापोव्हो या लहानशा रेल्वेस्थानकावर त्याचा अंत झाला. यास्नाया पोल्यानाच्या शेतकऱ्यांनी त्याची शवपेटी वाहून नेली. त्यांत कधीकाळी त्याच्या शाळेत बसलेल्यांच्या घरचे लोक होते. त्याच्या इच्छेनुसार कोणत्याही धार्मिक विधीशिवाय, कोणतीही शिळा न उभारता, वनराईतील ओघळीच्या काठी त्याला पुरण्यात आले. दहा-अकरा वर्षांच्या निकोलायने रचलेल्या गोष्टीतील हिरवी काठी जेथे पुरलेली होती, तीच ही जागा.